पाचच्या टँकरआधी लातूर

नांदेड सोडलं तेव्हा दहा वाजून गेले होते. निघायचं होतं आठला. उशीर कशानं झाला ते लपवून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आई होती तेव्हा दर दसऱ्याला माझ्या मोटारसायकलची पूजा तीच करायची. टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि टाकीच्या झाकणावर हळदकुंकवाचा रुपयाएवढा टिळा लावायची. कुंकू तेलात कालवायचं, म्हणजे ते टिकतं. ‘झाकणावरच का गं?’ असं एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘पोट तिथूनच भरतंय की त्याचं. तोंडालाच लावावं.’ आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या हातचा तो टिळा मी कुणाला पुसू दिला नव्हता. पेट्रोल पंपावरसुद्धा झाकण मीच कडेनं धरून उघडायचो आणि मीच लावायचो. पंपावरचा माणूस मला चक्रम समजत असावा.

त्या सकाळी मी मुलगी पाहायला लातूरला निघालो होतो. मुलगी म्हणायचं आपलं. ती चौतीस वर्षांची आणि मी एकोणचाळीसचा. शुभकार्याला निघताना घरातल्या कुणीतरी गाडीला कुंकू लावावं, ही आमच्याकडची रीत. घरात कुणी असेल तर ना! शेवटी मीच वाटीत कुंकू घेतलं, तेल ओतलं, आणि आईच्या जुन्या टिळ्यावर माझा नवा थापला. सवय नसल्यामुळे चांगला जाड थापला गेला. मग का कोण जाणे, बराच वेळ तसाच ओट्यावर बसून राहिलो.

खिशात काशिनाथमामांचं पोस्टकार्ड होतं. मामा आईचे चुलतभाऊ, लातूरला किराणा दुकान चालवतात. हे स्थळ त्यांनीच काढलं होतं. कार्डावर लिहिलं होतं : ‘मुलगी महानंदा शाळेत शिक्षिका आहे, घरात आईवडील थकलेले. ती म्हणते, आजवर पुष्कळांपुढे बसले, आता एकदाच बसेन. रविवारी पाचला गल्लीत टँकर येतो, तेव्हा पाचपर्यंतच बसेन. आल्यास बरे. न आल्यास विषय संपला. स्वतःचे वाहन घेऊन ये, दिसायला बरे दिसते.’

टँकरच्या वेळेवर लग्न ठरवणारी ही बाई मला न बघताच आवडली होती, हे कबूल करतो. आणि एवढं एक स्थळ हातचं गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नव्हतो, हेही मनाशी पक्कं होतं.

गोदावरीच्या पुलावर थांबून खाली पाहिलं. पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. माणसं वाळूत खड्डे काढून वाटीवाटीनं घागरी भरत होती. माझ्या हँडलला अर्धापूरच्या केळ्यांची एक मोठी फणी लटकत होती. रिकाम्या हातानं मुलीच्या घरी कसं जायचं? वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं आणि रस्त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

लोह्याला धपाटे खायला थांबलो. धपाट्यांबरोबर दही मागितलं तर हाटेलवाला माझ्याकडे बघतच राहिला.

“दही कुठलं सायेब? जनावरं छावणीत नेऊन बांधली समद्यांनी. ठेचा हाय, तेल हाय.”

पाणी किती देणार, असं विचारलं तर म्हणाला, “एक गिलास. दुसरा मागू नका, मलाबी न्हाई म्हणायला बरं वाटत न्हाई.”

एका गिलासात मी जेवलो. वाढदिवस असो, सण असो, दीड वर्ष मी असाच एकटा जेवत होतो, पण त्या हाटेलात ते जरा जास्त लागलं.

लोह्याच्या पुढे माळेगाव. मार्गशीर्षात इथल्या यात्रेला घोडे, गाढवं, उंट आणि माणसं यांनी माळ फुलून जातो. त्या दिवशी तिथं नुसता माळ होता. बरोबर त्याच्या मधोमध गाडीनं दम सोडला. झटका नाही, फटका नाही. आवाज बारीक बारीक होत गेला आणि गाडी उभी राहिली.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. मोटारसायकल दुरुस्तीवरचं एक पुस्तक मी तीनदा वाचलेलं आहे. त्यात लिहिलंय, इंजिन सुरू होत नसेल तर तीनच गोष्टी बघा : पेट्रोल, ठिणगी आणि हवा. पहिल्यापासून सुरुवात केली. झाकण जपून उघडलं. ‘सुस्स’ असा आवाज झाला. उन्हानं पेट्रोल तापलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. झाकण लावलं, किक मारली, आणि गाडी पहिल्या किकला चालू! मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. कशाचा, ते आता विचारू नका.

पुढे नांदेड जिल्हा संपतो. हद्दीवरच्या पाटीवर ‘लातूर जिल्हा’ अशी ताजी अक्षरं होती आणि त्यांच्या खालून ‘उस्मानाबाद’ स्पष्ट वाचता येत होतं. रंगाचा एकच हात दिला होता. जिल्हा नवा, ऑफिसं नवी, नकाशा नवा. जमीन मात्र दोन्हीकडे सारखीच भेगाळलेली होती. मी पाटीपाशी थांबून फोटो काढावा तसा क्षणभर उभा राहिलो, पण कॅमेरा नव्हता आणि फोटो दाखवायला माणूसही नव्हतं.

त्या पाटीपासून फार लांब गेलो नाही तोच गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. तशीच, निमूट. आता पेट्रोल आहे हे माहीत असल्यामुळे झाकण उघडलंच नाही. पुस्तकातला दुसरा मुद्दा घेतला. प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, खणखणीत. तिसरा मुद्दा हवा. हवेची जाळी काढून झटकली, तिच्यातून पाव शेर धूळ निघाली. बरोबर सापडलं, म्हणून खूष झालो. प्लग बसवून किका मारल्या, चाळीस मोजल्या, पुढे मोजणं सोडून दिलं. मांडी भरून आली. सदरा अंगाला चिकटला. इस्त्री करून घातलेला होता हो तो!

डोक्यावर रिकाम्या घागरींची उतरंड घेतलेली एक म्हातारी समोरून आली.

“वाटंत कुठं पाणी दिसलं का रं बाबा?”

“नाही मावशी.”

“मग तू काय करून राहिला इथं?”

“गाडी बंद पडलीय. लातूरला मुलगी पाहायला चाललोय.”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “जा बाबा लवकर. आधीच उशीर करून ठिवलास.” कितीचा उशीर ते तिनं सांगितलं नाही. मी तिला दोन केळी दिली, तिनं एक खाल्लं आणि एक ओच्यात टाकलं.

तास होत आला तेव्हा गाडी आपणहून चालू झाली, जशी आपणहून बंद पडली होती. का, ते देवाला ठाऊक. अहमदपूर मागं टाकलं. शिरूर ताजबंदच्या पुढे एका गावाच्या तोंडाशी ती तिसऱ्यांदा बंद पडली. साडेतीन वाजत आले होते. लातूर अजून पन्नासेक किलोमीटर होतं. मी गाडी स्टँडला लावली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. गाडीसाठी नाही. तिकडे एक बाई चांगली साडी नेसून बसली असेल, पाच वाजता उठेल, आणि मला ती कधीच दिसणार नाही, म्हणून.

“ओ भाई! बंद कायसं पडलं?”

रस्त्यापलीकडे लिंबाखाली पत्र्याची शेड होती. दाराशी बाजेवर साठीतला एक माणूस बसला होता. डोक्यावर जाळीची टोपी, बनियनवर जुन्या ग्रीसचे डाग.

“अहो, बंद पडलं ते दिसतंच आहे,” मी खेकसलो.

“ते दिसलं. कायसं पडलं ते पुसून राहिलो. खोकून पडलं का झोपल्यावानी पडलं?”

एवढा नेमका प्रश्न माझ्या पुस्तकातही नव्हता. “झोपल्यासारखं,” मी म्हणालो. तो उठला.

त्याचं नाव गफूर मिस्त्री. विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा मिस्त्री. पाच-सहा गावांतली इंजिनं त्याच्याच हातची. शेडमध्ये सात-आठ इंजिनं गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. विहिरींना पाणी नाही, तर इंजिन लावून उपसायचं काय? दिवाळीपासून त्या शिवारात एकही इंजिन वाजलं नव्हतं.

“पैले काय व्हायचं, मी इथं बाजंवर पडल्या पडल्या सांगायचा, कुणाच्या इंजिनचा वॉल गेला, कुणाचं पाणी सोडून राहिलं. आता कान नुसते बसून हायेत,” तो म्हणाला. “सहा महिने झाले. घरात बी कुणी न्हाई. पोरगी दिली उदगीरला. रातची झोप येत न्हाई, लई शांत वाटतंय.”

मला रात्री कसं वाटतं ते मी त्याला सांगितलं नाही. पण त्यानं जे सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द कळलं.

त्यानं गाडीला हात लावला नाही. मागं हात बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग खाली बसून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. पेट्रोलचा एक थेंब आला आणि थांबला.

“टाकीत पेट्रोल हाय?”

“भरपूर.”

“वर भरपूर आन खाली थेंब न्हाई. उघडा झाकण.”

मी उघडलं. ‘सुस्स’ झालं. मिस्त्रीनं बोट वर केलं, “ऐकलं? हवा आत घुसली. खाली बघा.” खाली त्या सैल स्क्रूतून पेट्रोलची धार लागली होती. त्यानं स्क्रू आवळला.

“बाटली उलटी धरली तर पाणी कसं गुडगुड करत पडतंय? जेवढं भाईर येतं तेवढी हवा आत जाया पायजे. झाकणाला त्याच्यासाठी एक बारीक भोक असतंय. तुमचं बंद हाय. दम कोंडलाय हिचा.” त्यानं झाकण उन्हात धरलं. माझ्या सकाळच्या टिळ्यावर रस्त्याची धूळ बसून उन्हानं त्याचं खापर झालं होतं. “हे काय थापलंय?”

मी सांगितलं. आईचं सांगितलं, सकाळचं सांगितलं, टँकरचं सांगितलं. सगळं सांगून होईतो माझा आवाज बसला. आठवडेच्या आठवडे मी इतकं कुणाशी बोललो नव्हतो.

गफूर मिस्त्रीनं शेडमधून सायकलची एक तार आणली. झाकण माझ्या हातात दिलं, वर ती तार ठेवली.

“दोन इलाज हायेत. एक, झाकण ढिलं ठिवून जायाचं. पेट्रोल उडंल तुमच्या पँटीवर, वास मारंल, पण अम्मीचं कुंकू ऱ्हाईल. दुसरा, हे खरवडायचं. ते मी करणार न्हाई. तुमच्या अम्मीच्या हातचं हाय, तुमचं तुम्ही काढा.”

मी तार हातात घेऊन बसलो. वरचा माझा थर सहज निघाला, पण त्यातलं तेल झिरपून भोक खालच्या थरातच बुजलं होतं. तो खालचा थर म्हणजे आईचा टिळा होता, काळपट पडलेला, कडेला तिच्या बोटाची गोलाई अजून दिसत होती. मला ते करवेना. रस्त्यावरून एक रिकामी बैलगाडी गेली. माझ्या गाडीच्या तोंडाला लावलेलं कुंकू आईनं गाडी चालावी म्हणून लावलं होतं, उभी राहावी म्हणून नाही. आणि ती कोंडली होती माझ्यामुळे. दीड वर्षं न पुसून, वर आपला थर थापून. मी तार टोचली. टिळा दोन कपच्यांत निघाला. त्या रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवल्या. मग भोकात तार फिरवली आणि फुंकर मारली.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

मिस्त्रीला काय द्यायचं, असं विचारलं तर त्यानं दोन्ही हात हलवले. “नक्को भाई. एक काम करा. पाच मिनटं बंद करू नका. चालू ऱ्हाऊ द्या.”

चार वाजायला आले होते. एक एक मिनिट माझ्या मानेवर बसलेलं होतं. पण तो बाजेवर जाऊन डोळे मिटून बसलासुद्धा. मी ॲक्सिलरेटर हलका धरून उभा राहिलो. गल्लीतून दोघं-तिघं म्हातारे बाहेर आले आणि लिंबाखाली बसले. कुठल्या तरी घराच्या दारात एक बाई येऊन थांबली. पाच मिनिटं ते गाव माझी मोटारसायकल ऐकत होतं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मिस्त्रीनं पाहिलं असावं. “जावा आता,” तो म्हणाला. “टँकर कुणासाठी थांबत न्हाई.” फणीतली निम्मी केळी मी त्याच्या बाजेवर ठेवली.

चाकूर कधी मागं पडलं ते कळलं नाही. लातुरात शिरलो तेव्हा पाचला दोन मिनिटं होती, आणि घर शोधण्यात वीस मिनिटं गेली. नव्या जिल्ह्याच्या गावात सगळीकडे खोदून ठेवलेलं होतं आणि विचारावं तो माणूस नवीन.

दारात काशिनाथमामा उभे होते. “वाजले किती?” एवढंच ते म्हणाले. आत डोक्याला रुमाल बांधलेले महानंदाचे वडील होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे, वर पेट्रोलचा वास. पाटावर पोह्यांच्या बशा झाकून ठेवल्या होत्या.

“बसा,” वडील म्हणाले. “ती टँकरवर गेली. बोलल्याप्रमाणे पाचपर्यंत बसली होती.”

मला बसवेना. उरलेली केळी घेऊन मी तसाच गल्लीच्या टोकाला गेलो. मागून मामा “अरे, अरे!” करत राहिले.

टँकरपाशी घागरींची रांग होती आणि गलका होता. एकीनं चांगल्या साडीचा पदर कमरेला खोचला होता.

“नांदेडचे का?” तिनंच विचारलं.

“कसं ओळखलंत?”

“टँकरच्या रांगेत घागर सोडून केळी घेऊन दुसरं कोण येतं?”

मी उशिराची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी कसली? मी पाच म्हटलं होतं, पाचला उठले.” रागानं नाही, सरळच म्हणाली. मग घागर पायानं पुढे सरकवत विचारलं, “झालं काय?” रांग हळू होती म्हणून मला सगळं सांगता आलं. कुंकवाचं सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

“तुमच्या सकाळच्या कुंकवात तेल फार झालं,” एवढंच म्हणाली. “घरात कुणी सांगणारं नाही ना.”

तिला दोनच घागरी मिळाल्या. एक मी उचलली. “कडेला धरा, पाण्यात बोट जाऊ देऊ नका,” तिनं बजावलं. दोन दिवसांचं तीन माणसांचं पाणी होतं ते. मी ते असं धरलं, की आयुष्यात काही इतकं जपून धरलेलं आठवत नाही.

दारात पोचल्यावर तिनं एक घमेलं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि नुकत्याच आणलेल्या घागरीत लहानसा चंबू बुडवला. मी हात मागं घेतले. “नको, नको, मातीनं पुसतो मी.”

“पुढे करा. एकच चंबू आहे, नीट चोळा. घमेल्यातलं पाणी मी अंगणात मारीन.”

वडील दारातून आत निघून गेले. मामाही त्यांच्यामागून आत गेले. ती बारीक धारेनं पाणी घालत होती आणि मी हात चोळत होतो. काळं सगळं काही निघालं नाही.

पोहे खाऊन झाले. मी निघालो तेव्हा ती ओट्यापर्यंत आली. “टँकर दिवसाआड येतो,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी नाही.”

“मग किती वाजेपर्यंत बसाल?”

“टँकर नसल्यावर घाई कसली?”

रात्री मामांकडे राहून सकाळी परत निघालो. गफूर मिस्त्रीच्या शेडपाशी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. त्यानं बाजेवरून नुसतं विचारलं, “पोचले?” मी मान हलवली. मग आम्ही दोघं बाजेवर बसलो आणि गाडी पाऊण तास उभ्या उभ्या पेट्रोल जाळत राहिली. मला कुठं घाई होती?

हद्दीवरची ती पाटी उलट बाजूनं लागली. माळेगावचा माळ तसाच रिकामा होता, पण गाडी तिथून न थांबता गेली. दुपारी घराचं कुलूप काढलं. आत कोंडल्याचा वास होता. खिडक्या दीड वर्षात मी नीट उघडल्याच नव्हत्या, हे तेव्हा लक्षात आलं. त्या सगळ्या उघडल्या. रुमालातल्या दोन कपच्या आईच्या देव्हाऱ्यात ठेवल्या. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणालो, “आई, तिनं हात धुवायला पाणी दिलं.”